चूक माझी की गेमची? : चाहत्यांचे 'बुलेट हेल' गेम आणि ते खेळणारे

[दृश्य: गेमचा पडदा. बॉसकडून गोळ्यांची वर्तुळं सुटत आहेत. काही सेकंद फक्त गेमचा आवाज.]

पडद्यावर या घडीला काही शे गोळ्या आहेत. गुलाबी, निळ्या, जांभळ्या. वर बॉस, म्हणजे पातळीतला मोठा शत्रू, खाली खेळाडूची एक छोटी आकृती, आणि तिला जायला दिसतोय तो रस्ता तिच्या स्वतःच्या रुंदीपेक्षाही अरुंद. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण आकृती त्या फटीत शिरते, जराशी डावीकडे सरकते आणि पलीकडे निघते.

हे जमतं, कारण आकृती दिसायला मोठी असली तरी गोळी 'लागली' असं गेम मानतो ते तिच्या मधोमध असलेल्या काही पिक्सेलच्या ठिपक्याला लागली तरच. हा ठिपका म्हणजे हिटबॉक्स. बाहीतून, केसांतून, झग्याच्या घेरातून गोळी आरपार गेली तरी केसालाही धक्का लागत नाही. उलट अंगाला घासून गेलेल्या गोळीचे काही गेम जादा गुण देतात. शिफ्टचं बटण दाबून धरलं की चाल मंदावते आणि ठिपका उजळतो. मग नजर त्या ठिपक्यावर नसते, त्याच्या थोडी वर असते, जिथून पुढचं संकट येणार आहे तिथे.

या प्रकाराला जगभर 'बुलेट हेल' म्हणतात, जपानमध्ये 'दानमाकू'. सुरुवात बहुतेक जण १९९३ च्या 'बात्सुगुन' या आर्केड गेमपासून धरतात. तो तोआप्लान या जपानी कंपनीचा. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली, आणि तिथून बाहेर पडलेल्यांनी उभी केलेली केव्ह ही कंपनी १९९५ मध्ये 'दोनपाची' आणि १९९७ मध्ये 'दोदोनपाची' घेऊन आली. आधीच्या शूटर गेममध्ये मोजक्या, पण वेगवान गोळ्या चुकवायच्या असत. आता गोळ्या संथ झाल्या आणि संख्येनं अफाट वाढल्या. हाताच्या चपळाईइतकंच नजरेचं काम महत्त्वाचं झालं.

त्याच सुमारास टोकियोत विद्यापीठात शिकणारा जुनया ओता, पुढे झुन या नावानं ओळखला गेलेला, पीसी-९८ या संगणकासाठी स्वतः गेम लिहीत होता. त्यातून 'तोहो' ही मालिका उभी राहिली. २००२ मध्ये विंडोजसाठी आलेल्या 'एम्बॉडिमेंट ऑफ स्कार्लेट डेव्हिल'मध्ये प्रोग्रॅम त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. कंपनी नाही, दुकान नाही. कॉमिकेट नावाच्या हौशी निर्मात्यांच्या जत्रेत टेबल मांडून विक्री. याच गेमपासून 'स्पेल कार्ड' आलं. बॉसच्या प्रत्येक मोठ्या हल्ल्याला स्वतःचं नाव, ठरलेली वेळ, स्वतःची नक्षी. हल्ला न मरता आणि बॉम्ब, म्हणजे अडचणीत गोळ्या साफ करणारं मोजकं अस्त्र, न वापरता पार केला की खेळाडूंच्या भाषेत ते कार्ड 'कॅप्चर' झालं.

झुननं आपली पात्रं आणि आपलं जग वापरायला चाहत्यांना मोकळीक दिली. मूळ गेममधली चित्रं वा ध्वनी उचलायचे नाहीत, गेमचे शेवट आधीच उघड करायचे नाहीत, अशा काही अटी घातल्या, पण दार उघडं ठेवलं. २००४ पासून फक्त 'तोहो'ला वाहिलेला रेइताइसाइ हा मेळावा भरू लागला. २०१० मध्ये गिनेसनं चाहत्यांनी घडवलेली सर्वाधिक गेमची शूटर मालिका म्हणून 'तोहो'ची नोंद केली. मूळ मालिकाच एका हौशी माणसानं घडवलेली, आणि तिच्यावर हौशी माणसांनी रचलेल्या गेमचा हा एवढा डोंगर.

[दृश्य: मजकुराची खिडकी. कोडच्या ओळी. शेजारी त्याच ओळींतून उमटणारं गोळ्यांचं कडं.]

या डोंगराच्या पायथ्याशी एक साधन आहे, 'दानमाकूफू'. साध्या मजकुरात स्क्रिप्ट लिहायची आणि गोळ्या उडताना बघायच्या. उदाहरण घेऊ. ३६० अंशांत ३६ गोळ्या, म्हणजे दर १० अंशांना एक. झालं एक कडं. अशी कडी एकामागून एक सोडली, तर सगळ्या गोळ्या त्याच त्या रेषांवरून धावतात आणि दोन रेषांच्या मधे उभा राहिलेला खेळाडू हात न हलवता वाचतो. आता प्रत्येक नव्या कड्याचा कोन ५ अंशांनी सरकवा. आधी जिथे फट होती, बरोब्बर तिथून आता गोळी येते. खेळाडूला दर कड्याला जागा बदलावी लागते. एक आकडा बदलला आणि निवांत उभं राहण्याचा हल्ला सतत हलत राहण्याचा झाला.

बॉसपासून ३०० पिक्सेलवर या फटी साधारण ५२ पिक्सेल रुंद असतात, ६० पिक्सेलवर जेमतेम १०. म्हणून नवखे पडद्याच्या तळाशी राहतात आणि मुरलेले पुढे जाऊन धोका पत्करतात, कारण पुष्कळ गेममध्ये जवळून मारा केला की बॉस लवकर पडतो.

हे सगळं इतकं तपशिलात सांगायचं कारण, चाहत्यांचा गेम खेळलेली माणसं याच पातळीवर बोलतात. 'मजा आली' किंवा 'अवघड आहे' एवढ्यावर ती थांबत नाहीत. अमुक कार्डात तिसऱ्या लाटेनंतर डावीकडून येणारा लेझर दिसायला उशीर होतो, असं ती सांगतात. मूळ गेम वर्षानुवर्षं खेळून त्यांच्या बोटांत मुरलेला असतो. नवा गेम ती त्या बोटांनी मोजतात.

आणि मोजताना मुख्य प्रश्न असतो न्यायाचा. मी मेलो ते माझ्या चुकीनं, की गेमच्या?

[दृश्य: रिप्ले. एकच क्षण, आधी नेहमीच्या वेगात, मग फ्रेम फ्रेम करत.]

याचं उत्तर शोधायला खेळाडूंच्या हाती एक पक्का पुरावा असतो, रिप्ले. ही फाईल म्हणजे व्हिडिओ नव्हे. कुठल्या फ्रेमला कुठलं बटण दाबलं आणि गेमच्या यादृच्छिक आकड्यांची सुरुवात कुठून झाली, एवढंच तिच्यात असतं, आणि त्यावरून गेम तीच लढाई जशीच्या तशी पुन्हा उभी करतो. सेकंदाला ६० फ्रेम. एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. लढताना जे वाटलं आणि खरोखर जे झालं, यातला फरक इथे उघडा पडतो. पुष्कळदा खेळाडूचा राग इथेच निवळतो. गोळी समोरून, दिसत, ठरल्या वाटेनं आली होती; नजर भलतीकडे होती.

पण कधीकधी रिप्ले खेळाडूच्या बाजूनं साक्ष देतो. गोळी आकृतीच्या अगदी अंगावरच जन्मली, हलायला एक फ्रेमही मिळाली नाही. किंवा दोन कडी एकमेकांत अशी अडकली की सगळ्या फटी बुजल्या आणि समोर भिंत उभी राहिली. मूळ गेममध्येही असं क्वचित होतं, पण हौशी गेममध्ये जास्त. कारण नक्षी रचणाऱ्याला तिचं गुपित माहीत असतं. कुठे उभं राहायचं हे ठाऊक असलेल्या माणसाला ती भिंत लागतच नाही.

गोळ्या किती प्रकारच्या, हाही खेळाडूंच्या बोलण्यातला नेहमीचा विषय. काही ठरलेल्या मार्गानं जातात; त्या पाठ करायच्या. काही यादृच्छिक सुटतात. त्या समोर येतील तशा वाचायच्या. आणि काही थेट खेळाडूवर नेम धरतात. नेम धरलेल्या गोळ्या भीतीदायक दिसतात, पण हाताळायला त्याच सर्वांत सोप्या. तुम्ही जिथे होता तिथे त्या जातात, त्यामुळे हळूहळू एका बाजूला सरकत राहायचं आणि सगळा प्रवाह मागे मागे ओढत न्यायचा. कडेला पोचलात की एक झटका देऊन प्रवाहात खिंड पाडायची आणि उलट फिरायचं. नेम धरून पंख्यासारख्या सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या विषम असेल तर मधली गोळी तुमच्यावर येते. सम असेल तर स्थिर राहिलात तरी दोन्ही बाजूंनी निघून जातात, आणि घाबरून हललात तरच लागतात. रचनाकारानं विषमनंतर सम असा पंखा ठेवला की जुनेजाणते खेळाडू खूश होतात. गेमनं आपल्याशी डोकं लावून वाद घातला, असं त्यांना वाटतं, आणि मला ते अगदी पटतं.

दिसण्याच्या तक्रारीही खूप. गोळीचा गाभा पांढरा आणि कडा रंगीत असतात, ते काही शोभेसाठी नाही. गर्दीत प्रत्येक गोळी सुटी ओळखू यावी म्हणून. पार्श्वभूमी फार उजळ केली, स्फोटांचे झगमगाट गोळ्यांच्या वर काढले, किंवा खेळाडूच्या स्वतःच्या माऱ्याचा रंग शत्रूच्या गोळ्यांसारखा ठेवला, तर सुंदर पडदा खेळायला नकोसा होतो. हौशी कलाकार आपल्या पार्श्वभूमीवर महिनोन्‌महिने घालवतो. ती अंधारी कर, असं त्याला सांगणं जिवावर येतं. तरी ते सांगितलंच पाहिजे.

[दृश्य: 'ताइसेई प्रोजेक्ट'. सहावी पातळी.]

आता एक गेम जवळून बघू. 'ताइसेई प्रोजेक्ट' हा 'तोहो'वर आधारलेला, फुकट मिळणारा आणि मुक्त स्रोताचा गेम. सी भाषेत लिहिलेला. सहा पातळ्या. शेवटची बॉस एली. ती मूळची १९९८ च्या पीसी-९८ गेममधली दारावरची पहारेकरीण, विंडोजवरच्या मालिकेतून अदृश्य झालेली. जुन्या चाहत्यांना ती पुन्हा समोर येते, याचंच अप्रूप.

खरी गंमत तिच्या हल्ल्यांच्या नावांत आहे. न्यूटन, मॅक्सवेल, केप्लर, पुढे अवकाशकाळाची वक्रता, हिग्ज बोसॉन, आणि अखेरीस सगळ्याचा एकच सिद्धांत. केप्लरच्या कार्डात गोळ्यांभोवती गोळ्या फिरतात, ग्रहांभोवती उपग्रह फिरावेत तशा. गोळी एका सरळ रेषेत येणार नाही, हे आधी मेंदूला पटवावं लागतं. मग कुठली गोळी कुणाभोवती फिरते हे दिसायला लागतं, आणि आधी गोंधळ वाटलेला पडदा सुटा होतो. भौतिकशास्त्राच्या कल्पनेला गोळ्यांची चाल मिळालेली मला याहून चांगली कुठे दिसली नाही. कंपनीच्या गेममध्ये असा अख्खा शेवट भौतिकशास्त्राला कोण देईल? ज्याला त्या विषयाची आणि या गेमची सारखीच ओढ आहे, त्यालाच हे सुचणार.

मुक्त स्रोत असल्यानं इथे खेळाडूचं म्हणणं सरळ कामाला येतं. हिटबॉक्स केवढा, गोळी कुठे जन्मते, हे कोड उघडून कुणालाही पाहता येतं. वाद तर्कावर राहत नाही.

चाहत्यांच्या गेमबद्दल एक गाऱ्हाणं मात्र पुन्हा पुन्हा कानावर येतं, आणि ते खरं आहे. बॉस झकास, पण बॉसपर्यंतची वाट रिकामी. दोन बाजूंनी किरकोळ शत्रू येतात, थोडा मारा करतात, निघून जातात. सगळा जीव स्पेल कार्डांत ओतलेला असतो. यामागं साधनाचाही हात आहे. 'दानमाकूफू'मध्ये एकटा बॉस लिहून लगेच दाखवता येतो. अख्खी पातळी लिहायची तर शत्रूंच्या तुकड्या, त्यांच्या वेळा, संगीताच्या ठेक्याशी त्यांचा मेळ, हे सगळं जुळवावं लागतं. चांगल्या पातळीत मधला बॉस येतो तेव्हा सूर बदलतो, मोठी लाट नेमकी गाण्याच्या ध्रुवपदावर फुटते. हे जमलेला गेम खेळाडू विसरत नाहीत. संगीताचं कौतुक तर हौशी गेमच्या वाट्याला भरभरून येतं. 'तोहो'च्या चाली नव्यानं बांधणाऱ्यांची मोठी फौजच आहे.

शेवटचा मुद्दा अवघडपणाचा. 'तोहो'त सोपी, नॉर्मल, हार्ड आणि ल्युनॅटिक अशा पायऱ्या असतात. चाहत्यांच्या गेममधली नॉर्मल बहुधा मूळच्या नॉर्मलपेक्षा कठीण निघते. गेम करणारा ल्युनॅटिक पार केलेला असतो, तपासून बघणारे त्याचे मित्रही तसेच. त्यांना जे 'ठीक' वाटतं, तिथे नवा माणूस दुसऱ्या पातळीवरच सगळे जीव गमावतो. मुरलेल्यांना हे आवडतं. त्यांना मूळ गेममध्ये आता आव्हान उरलेलं नसतं, आणि नवं आव्हान त्यांना चाहत्यांकडूनच मिळतं. तेही महत्त्वाचं आहे. पण नॉर्मल ठरवताना ज्यानं आयुष्यात एकही कार्ड कॅप्चर केलेलं नाही, अशा एकाला तरी शेजारी बसवावं. तो कुठे मरतो हे बघावं, त्याचा रिप्ले फ्रेम फ्रेम करत तपासावा. ल्युनॅटिकला हात लावायची गरज नाही. सोप्या पायरीवरचं एखादं कडं थोडं उशिरा सोडलं, ५ अंशांचं सरकणं तिथे ३ वर आणलं, तरी पुष्कळ लोक एलीपर्यंत पोचतील.

[दृश्य: एलीचं शेवटचं कार्ड. श्रेयनामावली.]