30 दिवसांची कैफियत

[दृश्य: अर्धवट उघडं दार. कोर्टाचा बेलीफ कागदावर बोट ठेवून सहीची जागा दाखवतो आहे.]

सही होते, खाली तारीख पडते आणि बेलीफ निघून जातो. हातात उरतो समन्स आणि त्याला जोडलेली दाव्याची नक्कल. घरात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘तारखेला जाऊ, तेव्हा बघू.’

तसं करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 8, नियम 1 प्रमाणे समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत प्रतिवादीनं, म्हणजे ज्याच्यावर दावा झाला त्यानं, लेखी कैफियत, म्हणजे दाव्याचं लेखी उत्तर, द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट मुदत वाढवून देतं, ती बजावल्यापासून एकूण 90 दिवसांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर साध्या दाव्यात विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं, आणि माफी मिळेलच असं नाही. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात 120 दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो. ग्राहक आयोगापुढची तक्रार असेल तर 30 दिवस आणि फार तर आणखी 15. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, 45 च्या पुढे एक दिवसही नाही.

म्हणून आज एवढं तरी करा. समन्स कोणत्या तारखेला हातात आला, ते त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनानं लिहून ठेवा.

[दृश्य: टेबलावर दाव्याची नक्कल. समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा: ‘खरं’, ‘खोटं’, ‘माहीत नाही’.]

बोलताना आपण ‘कैफियत मांडणं’ म्हणतो ते गाऱ्हाणं सांगण्याला. कोर्टातली कैफियत म्हणजे उत्तर, तेही कलमवार. दाव्यात 14 कलमं असतील तर 14 कलमांना.

जुन्या कैफियतींमध्ये एक ठेवणीतलं वाक्य सापडतं: ‘दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण तेवढ्यावर भागत नाही. जो मजकूर तुम्ही नेमकेपणानं नाकारला नाही, तो तुम्हाला मान्य आहे असं धरता येतं. आदेश 8 चाच नियम 5 तेच सांगतो. माणूस गप्प बसतो तो घाबरून, गोंधळून, कधी ‘खोट्याला काय उत्तर द्यायचं’ या संतापानं. कागदावर मात्र त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा होऊ शकतो.

नाकारण्याचीही रीत आहे. समजा दावा हातउसन्या पैशांचा आहे. वादी म्हणतो, ‘प्रतिवादीनं माझ्याकडून 2,00,000 रुपये घेतले.’ तुम्ही लिहिलंत, ‘मी 2,00,000 रुपये घेतले नाहीत.’ वाक्य सरळ दिसतं. पण वाचणारा विचारणार, मग 1,50,000 घेतले होते का? कायद्याच्या भाषेत हा टाळाटाळीचा नकार. नियम 4 म्हणतो तसं लिहायचं: ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही. आणि घेतला असेल, तर किती घेतला ते प्रामाणिकपणे सांगायचं.

कलमवार उत्तर झालं की तुमची स्वतःची हकीकत. पैसे फेडले असतील तर कधी, कसे. दावा मुदतबाह्य असेल, म्हणजे तो करण्याची कायद्यातली मुदत उलटून गेली असेल, तर तसं स्पष्ट लिहा. वादीकडूनच तुमचं येणं असेल तर प्रतिदावा याच वेळी मांडावा. त्याला वेगळी कोर्ट फी लागते. पावत्या, बँकेचे उतारे, झालेला पत्रव्यवहार यादीसह सोबत जोडा. आज मागे राहिलेला कागद पुढे दाखल करायला कोर्टाची परवानगी मागावी लागते. शेवटी सत्यापन, म्हणजे लिहिलेलं खरं असल्याची ग्वाही, आणि प्रतिज्ञापत्र. कोणती कलमं स्वतःच्या माहितीवरून लिहिली आणि कोणती ऐकीव माहितीवरून, हे सत्यापनात सांगायचं असतं. दुसऱ्याच्या कैफियतीतून उचललेलं सत्यापन तसंच चिकटवू नका. सही तुमची आहे.

[दृश्य: संगणकाचा पडदा. सीएनआर क्रमांक एकेक अक्षरानं भरला जातो आहे.]

आता ऑनलाइनचा भाग. खरं तर मेहनतीचं काम वर होऊन गेलं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या ऑनलाइन यंत्रणेच्या ई-फायलिंग पोर्टलवर (कागद ऑनलाइन दाखल करण्याच्या संकेतस्थळावर) वकिलाला नोंदणी करता येते, तशी स्वतः उभं राहणाऱ्या पक्षकारालाही. दावा आधीच दाखल आहे, त्यामुळे नवं प्रकरण उघडायचं नाही; चालू प्रकरणात कागद दाखल करायचा. त्यासाठी लागतो सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, 16 अक्षर-अंकांचा, महाराष्ट्रातला असेल तर ‘एमएच’नं सुरू होणारा. मग पीडीएफ चढवायची, आधारच्या ई-सहीनं किंवा डिजिटल सहीनं सही करायची आणि पाठवायचं.

स्कॅन करताना सावकाश करा. तिरकं आलेलं पान, कापली गेलेली शेवटची ओळ, पुसट शिक्का, एवढ्यावरूनही फायलिंग विभाग त्रुटी काढून कागद परत पाठवू शकतो. तिसाव्या रात्री पाठवलेल्या कैफियतीत त्रुटी निघाली, तर ती दुरुस्त करायला दिवस उरत नाही. पंचविसाव्या दिवशी पाठवलेली सावरता येते.

संगणक जमत नसेल तर अनेक न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्र आहे. तिथे स्कॅनिंगपासून ई-सहीपर्यंत मदत मिळते. वकील परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हा त्यांचा हक्क आहे, मागताना संकोच नको.

[दृश्य: मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप. प्रकरणाचा तपशील उघडतो.]

पोचपावतीचा क्रमांक आला म्हणजे कैफियत दाखल झाली असं नाही. तपासणीत ती स्वीकारली गेली का, हे दोन दिवसांनी पोर्टलवर पाहा. छापील प्रतही द्यावी लागते का, हे त्या कोर्टात विचारून घ्या. एक नक्कल वादीच्या वकिलांना द्या आणि ‘मिळाली’ अशी सही, तारखेसह, आपल्या प्रतीवर घ्या. ती प्रत समन्साच्या पाकिटातच ठेवा. पुढच्या तारखेला ती बरोबर न्यायची आहे.