एकत्र बसणे आणि एकत्र शिकणे

(इंदुरातील मराठी भाषक आरोग्यकर्मींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मी पेशाने परिचारिका आणि पुढे परिचर्येची शिक्षिका. त्यामुळे आजच्या विषयाकडे, म्हणजे आरोग्यसेवेतल्या निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांनी एकत्र शिकण्याकडे, मी डॉक्टरांच्या खुर्चीतून नव्हे, तर त्या खुर्चीशेजारी उभी राहून पाहिले आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्राथमिक आरोग्यसेवा एकट्या डॉक्टरचे काम नाही, हे नव्याने सांगायला नको. डॉक्टर, परिचारिका, सुईणी, सहायक आणि गावातील कार्यकर्ते यांनी संघ म्हणून काम करावे आणि त्यासाठी त्यांना सामाजिक व तांत्रिक अशा दोन्ही अंगांनी तयार करावे, असे १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातच म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील व्याख्या मराठीत आणली की ती तीन शब्दयोगी अव्ययांवर उभी राहते: निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक प्रशिक्षणांत ‘सोबत’ तेवढे साधते, ‘विषयी’ थोडेफार होते आणि ‘कडून’ राहून जाते. इंदुरात प्रशिक्षण म्हटले की पोहे-जलेबी ओघाने आलीच. त्या प्लेटा हातात घेऊनही डॉक्टर डॉक्टरांजवळ, औषधनिर्माते औषधनिर्मात्यांजवळ आणि आशा कार्यकर्त्या दाराजवळच्या भिंतीशी उभ्या असतात. सकाळच्या सत्रात कोण कोणाकडून शिकले, ते मला तिथेच कळते.

आता ज्या व्यवस्थेत हे लोक काम करतात, तिची रचना पाहा. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे मिळून दीड लाख केंद्रांना नवे रूप द्यायचे ठरले. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असते. तेथे सामुदायिक आरोग्य अधिकारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले सीएचओ, नेमले गेले आणि माता-बाल संगोपनाच्या जोडीला रक्तदाब, मधुमेह, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, मानसिक आरोग्य अशी कामेही त्याच दारात आली. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची माहिती आशा कार्यकर्ती घरी जाऊन एका तक्त्यात भरते, त्यात चाराहून अधिक गुण आले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी आणायचे असते, निदान आणि औषधाची निवड डॉक्टर करतात, महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रावर मिळतात. एकच रुग्ण असा चार-पाच हातांतून जातो. बिघाड होतो तो बहुधा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, आणि त्या जागेचे प्रशिक्षण कोणाच्याच अभ्यासक्रमात धडपणे नसते.

एक उदाहरण विस्ताराने सांगते. सांवेरच्या बाजूच्या एका गावातील पन्नाशीच्या बाईंना रक्तदाबासाठी पाच मिलिग्रॅम अम्लोडिपिन सुरू झाले होते. दोन महिन्यांनी दाब उतरलेला नाही असे पाहून डॉक्टरांनी मात्रा दहा केली, आणि कागदावर त्यात काहीही चूक नव्हती. प्रत्यक्षात बाईंनी गोळ्या तिसऱ्या आठवड्यातच सोडल्या होत्या, कारण पायांवर सूज येऊ लागली होती. हा त्या औषधाचा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे. सीएचओच्या नोंदवहीत गोळ्या ‘दिल्या’ एवढेच लिहिलेले होते आणि तेही खरेच होते. गावात जिला आशादीदी म्हणतात तिला मात्र सगळे ठाऊक होते, कारण बाईंनी ओट्यावर बसून तिला पाय दाखवले होते. ‘तू सांगितले का नाहीस?’ असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, मला कोणी विचारलेच नाही, आणि सरांच्या औषधाबद्दल मी कशी बोलू?’

पुढच्या संयुक्त प्रशिक्षणात आम्ही व्याख्याने बाजूला ठेवून नाव-गाव वगळलेली हीच हकीकत घेतली. ज्याला रुग्णाच्या घरातले सर्वांत जास्त ठाऊक त्याने आधी बोलायचे आणि डॉक्टरांनी सर्वांत शेवटी, एवढाच नियम होता. काय घडले, आधी काय होते, मला काय वाटते आणि काय करावे, अशी चार पायऱ्यांची एक पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली आहे. ती आम्ही वापरली. पहिल्या दोन पायऱ्या सगळ्यांना जमल्या. तिसरीपाशी, म्हणजे ‘मला काय वाटते’ येथे, आशा कार्यकर्त्या थांबल्या, आणि खरे सांगायचे तर अनुभवी परिचारिकाही थांबल्या. आम्हा परिचारिकांना निरीक्षण करायला शिकवतात, मत द्यायला नाही. आणि मी स्वतः कित्येक वर्षे तसेच शिकवले, हा दोष माझाही आहे.

अशा प्रशिक्षणाने सगळे सुधारते, असा दावा मी करणार नाही. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे या विषयावरील संशोधनांच्या एकत्रित पडताळणीत, १५ अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी ७ मध्ये चांगले परिणाम दिसले, ४ मध्ये संमिश्र, आणि ४ मध्ये काहीच फरक आढळला नाही. मला स्वतःला असे वाटते की, प्रशिक्षण संपल्यावर कामाची पद्धत जशीच्या तशी राहिली, तर दोन दिवस शिकलेले बोलणे महिनाभरही टिकत नाही. म्हणून आम्ही त्या उपकेंद्राच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला: गोळ्या घेतल्या का, आणि नसतील तर कशामुळे. तो सीएचओने आशा कार्यकर्तीला विचारून भरायचा आणि डॉक्टरांनी मात्रा बदलण्यापूर्वी वाचायचा. औषधनिर्मात्यांनी कुरकुर केली, कारण उरलेल्या गोळ्यांचा हिशेब त्यांच्या गळ्यात पडला. ती कुरकुर रास्तही होती, आणि पुढे तो हिशेब सीएचओंनी वाटून घेतला.

त्या बाईंचे अम्लोडिपिन थांबवून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिले. ते सुरू झाल्यावर आठवडाभराने पायांची सूज पाहायला कोणी जायचे, हे त्या बैठकीत डॉक्टरांनीच आशादीदीला विचारून ठरवले.