तीन त्रिक नऊ, नऊ दुणे अठरा

चिमट्यात धरलीय ती क्वार्ट्झची चकती. जाडी साधारण 0.2 मिलिमीटर. सर्किटमध्ये बसली की सेकंदाला 80 लाख वेळा थरथरते, म्हणजे 8 मेगाहर्ट्झ. हॅम मंडळींना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, बोलायचंय 144 मेगाहर्ट्झवर. मूळ कंपनातच तेवढी थरथरणारी चकती हवी, तर ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतकी पातळ घासावी लागेल. हातात घ्यायच्या आधीच तुटायची.

मग गुणाकार करायचा. आठचे चोवीस, चोवीसचे बहात्तर, बहात्तरचे एकशे चव्वेचाळीस.

ऑसिलोस्कोप बघा. वरची रेघ आत येणाऱ्या सिग्नलची, गुळगुळीत. खालची ट्रान्झिस्टरमधल्या करंटची, नुसते झटके. ट्रान्झिस्टर मुद्दाम क्लास-सीमध्ये ठेवलाय. प्रत्येक आवर्तनात निम्म्याहून कमी वेळ चालू, बाकी बंद. गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर बनवणारा हे बघून कपाळावर हात मारेल. इथे नेमकं हेच हवंय, कारण लहर अशी छाटली की तिच्यात 16, 24, 32 मेगाहर्ट्झचे हार्मोनिक, म्हणजे मूळच्या पटीतल्या लहरी, उमटतात.

त्यातला 24 चा उचलते ही तांब्याची कॉइल, शेजारच्या ट्रिमरच्या, म्हणजे स्क्रूनं फिरवायच्या छोट्या कपॅसिटरच्या, साथीनं. झोपाळ्याला दर तिसऱ्या हेलकाव्याला हात लावला तरी तो झुलत राहतो ना, तसंच. झटका एक, आवर्तनं तीन.

आता हात बघा. स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचा आहे. लोखंडाचा जवळ आणला की ट्यूनिंग सरकतं. पाव फेरा. मीटरचा काटा चढला, उतरला, थोडं मागे. तिन्ही टप्प्यांवर हेच. विकतच्या हँडसेटमध्ये पीएलएलची, म्हणजे फ्रिक्वेन्सी आपोआप जुळवणारी, चिप सगळं आतल्या आत उरकते. काम होतं, पण हाताला काही कळत नाही.

एफएममध्ये आवाज पाठवायचा म्हणजे त्याच्या चढउतारानुसार फ्रिक्वेन्सी हलवायची, आणि ते हलणंही या गुणाकारात अठरा पट होतं. हवेत 5 किलोहर्ट्झचं डेव्हिएशन, म्हणजे इतकं हलणं, हवं असेल, तर क्रिस्टल, म्हणजे ती चकती, जेमतेम 278 हर्ट्झ हलवायचा. एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1930 च्या दशकात एफएमचा ट्रान्समीटर उभा केला तो याच युक्तीवर.

चूकही अर्थात अठरा पट. क्रिस्टल 100 हर्ट्झ सरकला की वर 1800. आणि नको ते हार्मोनिक गळले तर 96 मेगाहर्ट्झवर एफएम रेडिओत, 120 वर विमानांच्या पट्ट्यात. म्हणून फिल्टर हवा, आणि परवानाही.

प्रत्येक टप्प्यावर पॉवर गळते. त्यामुळे शेवटी आणखी एक ट्रान्झिस्टर, हा नुसता ताकद वाढवणारा. ताकद उजेडात दिसावी म्हणून अँटेनाच्या जागी बल्ब जोडलाय, आणि ट्रिमर पुन्हा पाव फेरा.