रमाबाई नावाच्या बायका, रमाबाई नावाच्या वस्त्या

श्रोतेहो, नमस्कार.

घाटकोपरला पूर्व द्रुतगती मार्गावर कुणालाही ‘रमाबाई’ कुठं म्हणून विचारा, तो तुम्हाला रमाबाई आंबेडकर नगरात आणून सोडेल. हाच प्रश्न पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या निवृत्त शिक्षिकेला विचारा, त्यांच्या डोळ्यांपुढं न्यायमूर्ती रानड्यांचं घर उभं राहील. पुणे-दौंड लोकलनं केडगावला उतरलात तर रमाबाई म्हणजे पंडिता. त्याच लोकलनं अलीकडे लोणीला उतरून थेऊर गाठलंत, तर रमाबाई म्हणजे थोरल्या माधवरावांची पत्नी.

महाराष्ट्रात हे नाव घरोघरी होतं. सार्वजनिक जागांवर मात्र ते कोरलं गेलं ते मोजक्याच रमाबाईंसाठी. कुणाचं नाव कुणी लावलं आणि कशावर लावलं, याविषयी आज बोलायचं आहे.

थेऊरच्या रमाबाईंविषयी सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच मला फार खुपतं. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव पेशवे क्षयानं गेले, चिंतामणीच्या देवळात. रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. अष्टविनायकाला जाणारी माणसं तिथं हात जोडतात. पण ही बाई काय बोलायची, तिला काय वाटायचं, यातलं आपल्या हाती जवळपास काहीच उरलेलं नाही. उरला तो तिचा शेवटचा दिवस.

त्यानंतर १०१ वर्षांनी, १८७३ साली, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या यमुनेचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. वय ११. नवरा वीस वर्षांनी मोठा आणि बिजवर. सासरी तिचं नाव रमा झालं. लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी पाटी-पेन्सिल आणून तिला घरातच अक्षरं गिरवायला लावली. आपण याचं कौतुक नेहमी रानड्यांच्या बाजूनं ऐकतो. पण त्या घरात वडीलधाऱ्या बायका होत्या, आणि पाटी घेऊन बसणाऱ्या सुनेला दिवसभर वावरायचं होतं ते त्यांच्यात. नवरा कोर्टात गेला की टोमणे ऐकायला ती एकटीच. हे सगळं रमाबाईंनी पुढं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. कुणावर राग न काढता लिहिलं, हे विशेष.

१८८२ साली पुण्यात तिसऱ्या रमाबाई आल्या, पंडिता. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, विधवा, कडेवर लहानगी मनोरमा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला आणि मग लेकीला संस्कृत शिकवलं होतं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. उरलेली बहीण-भाऊ पुराणं सांगत देशभर पायी फिरली. कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. अशी बाई पुण्यात येऊन व्याख्यानं देते, आर्य महिला समाज काढते, सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढं साक्ष देऊन बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात म्हणते! त्या सभांना रानड्यांच्या रमाबाई जायच्या, आणि घरी परतल्यावर पुन्हा बोलणी खायच्या. एक विशीतली सून, दुसरी गावोगाव हिंडून आलेली विधवा, आणि दोघी एकाच सभेत बसलेल्या. पुण्यातल्या त्या सभेइतका उमेदीचा प्रसंग मला आपल्या इतिहासात क्वचितच दिसतो.

पुढं वाटा वेगळ्या झाल्या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं मुलींना बाटवलं जातं अशी ओरड झाली, ‘केसरी’नं रान उठवलं, आणि पालकांनी लेकी काढून नेल्या. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढं धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. आपण त्यांना बाया कर्वे म्हणतो. कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाची एक मुळी शारदा सदनात आहे, हेही त्याच ओळीत यायला हवं होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. मग केडगावच्या माळावर त्यांची सोय झाली, आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. विणकाम, शेती, दूधदुभतं होतंच. शिवाय छापखाना होता, आणि खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंत सगळं मुली करायच्या. आज संस्थेच्या नावात पंडिता रमाबाई आहेत, आणि संस्था अजून चालू आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या तिथंच वारल्या. त्यांच्या नावाची आणखी एक जागा आहे, ती पृथ्वीवर नाही. शुक्र ग्रहावरच्या विवरांना बायकांची नावं देतात. तिथं एका विवराचं नाव ‘मेधावी’ आहे. मेधावी हे त्यांच्या बंगाली पतीचं आडनाव. जन्मभर स्वतःच्या नावानं वावरलेल्या बाईला आभाळात मात्र नवऱ्याच्या आडनावानं ओळखायचं, हे मला पटत नाही.

रानड्यांच्या रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. प्रौढ बायकांना, विधवांना शिकवायचं, परिचारिका करायचं. तेव्हा रुग्णाची शुश्रूषा हे पांढरपेशा घरात हलकं काम समजलं जाई. लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाला आज सेवासदन चौक म्हणतात. नाव संस्थेचं लागलं, बाईंचं नाही. त्यांना ते आवडलं असतं असं मला वाटतं.

आता चौथ्या रमाबाई. यांनी संस्था काढली नाही, पुस्तक लिहिलं नाही, व्यासपीठावरून गाजल्या नाहीत. आणि पाट्या सगळ्यात जास्त यांच्याच नावाच्या.

दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली जन्म. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहायचे. आईवडील लवकर गेले, मामा-काकांनी मुंबईला आणलं. १९०६ साली भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, भीमराव आंबेडकरांशी लग्न लागलं. नवरा शिकायला अमेरिकेला, मग लंडनला. मागं परळच्या चाळीतला संसार. पाच मुलं झाली, एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न, चौघं गेली. बाबासाहेबांनी स्वतः ‘बहिष्कृत भारत’मध्ये लिहिलं आहे की आपण परदेशी असताना पत्नीनं प्रपंच सांभाळला आणि आपल्या हलाखीच्या दिवसांत डोक्यावर शेणाचे भारेही वाहिले. आपल्या घरातलं दारिद्र्य जाहीरपणे असं लिहायला त्या काळी केवढं धाडस लागत असेल! पुढं पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला. रामू म्हणजे रमाबाई.

दादरला राजगृह बांधून झालं, पण त्या घरात त्यांना थोडेच दिवस मिळाले. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती ऐकायला त्या नव्हत्या.

त्यांना ‘रमाई’ केलं ते लोकांनी. मोकळ्या जागेवर, नाल्याकाठी झोपड्या पडल्या, छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत काय आणि मुंबईत काय, पहिल्यांदा बोर्ड लागला तो बहुधा भीमनगर नाहीतर रमाबाई नगर. घाटकोपरचं नगर त्यातलंच. ११ जुलै १९९७ ला तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला. दहा माणसं गेली. त्या दिवशी ‘रमाबाई’ हे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं. तिथले लोक दरवर्षी ११ जुलैला जमतात, मेलेल्यांची नावं घेतात.

महाराष्ट्राबाहेरही हे नाव गेलं. लखनौत रमाबाई आंबेडकर मैदान आहे. कानपूर देहात जिल्ह्याला २०१० साली रमाबाई नगर नाव दिलं. सरकार बदललं आणि २०१२ साली ते काढून टाकलं.

आपल्याकडं अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांच्या घरकुलासाठी रमाई आवास योजना आहे. ग्रामपंचायतीत आता बायका ग्रामसेवकाला विचारतात, “भाऊ, आमची रमाई मंजूर झाली का?” पुढचा प्रश्न हप्ता कधी पडणार याचा असतो. त्या हप्त्यांना फार उशीर होतो, आणि तो होऊ नये यासाठी आपण सगळ्यांनी बोललं पाहिजे.

नमस्कार.