आधी खेळ, मग मॉनिटर, कार्ड सगळ्यात शेवटी

मंडळी, बाहेर फलकावर विषय लिहिलाय 'गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम'. दोन्हींना निम्मा-निम्मा वेळ द्यायचा असं संयोजकांशी ठरलंय. बघू कसं जमतंय. पुढे मुलं बसलीत, मागे पालक. म्हणजे अर्ध्या सभागृहाला कार्डांची नावं पाठ आहेत आणि अर्ध्याला फक्त किमती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणाला चहाला उठायचं असेल तर खुशाल उठा. कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग, सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी खेळ कोणते, मग मॉनिटर कोणता, मग विंडोज की लिनक्स (फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम), आणि हे सगळं ठरल्यावर कार्ड. आपल्याकडे बरोब्बर उलटं चालतं. कार्ड घरी येतं, त्याचे फोटो मित्रांना जातात, आणि मग विचारायचं की यावर काय काय चालेल.

आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त, आकड्यांचे पक्के. दहावीनंतर गेमिंग कॉम्प्युटर देईन असं नातवाला कबूल करून बसले होते. गेले दुकानात. दुकानाचं नाव घेत नाही, तसली दुकानं गावोगाव आहेत. काचेचं कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे, आणि दुकानदार म्हणतो, "आजोबा, चार जीबीचं कार्ड टाकलंय." शेजारच्या मुलाकडे जीटीएक्स १६५० होतं, तेही चार जीबीचंच. चाराला चार, ताळा जमला. घरी येऊन नातवानं जीटीए फाइव्ह लावला, तर गाडी रस्त्यावरून जाण्याऐवजी गाडीचे एकेक फोटो दिसायला लागले.

डबा उघडला तर आत जीटी ७३०. आजोबा माझ्यावरच चिडले. "दोन्ही चार जीबी आहेत ना? मग?" त्यांना म्हटलं, काका, तिजोरी तेवढीच आहे, पण या शाखेत कॅशिअरची एकच खिडकी उघडी आहे. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मेमरी किती हा एक आकडा, ती किती वेगानं वाचता येते हा दुसरा. त्या डीडीआर३, म्हणजे संथ मेमरीच्या, ७३० चा वेग सेकंदाला १४.४ जीबी, जीडीडीआर५, म्हणजे वेगवान मेमरीच्या, १६५० चा १२८. जवळजवळ नऊपट फरक, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात काय, तर ४ जीबी.

बरं, दुकानदार लबाडच असतो असंही नाही. बिचाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही. जीटी ७३० बाजारात आलं २०१४ मध्ये, तेव्हाच त्या एका नावाखाली तीन निरनिराळी कार्डं होती. एकात ९६ कोअर (हिशेब करणारे छोटे घटक), दुसऱ्या दोघांत ३८४, आणि त्या दोघांतही मेमरीची जात वेगळी. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० आलं, ६ जीबी आणि ३ जीबी. कोणालाही वाटेल की मेमरीच तेवढी कमी. तर नाही, ३ जीबीवाल्यात कोअरही कमी, १२८० च्या जागी ११५२. २०२२ मध्ये तर कहर झाला. ही सगळी कार्डं काढणाऱ्या एनव्हिडिया कंपनीनं आरटीएक्स ४०८० दोन प्रकारांत जाहीर केलं, १६ जीबी आणि १२ जीबी, आणि दोन्हींत चिप निराळी. लोकांनी इतकी आरडाओरड केली की १२ जीबीवालं विक्रीला येण्याआधीच मागे घ्यावं लागलं. पुढच्या जानेवारीत तेच ४०७० टीआय म्हणून आलं. मी एकाच कंपनीला नावं ठेवतोय असं वाटायला नको, म्हणून सांगतो: एएमडी या दुसऱ्या कंपनीचं २०२५ चं आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन मापांत आहे. तिथे चिप एकच आहे, पण दुकानात नुसतं '९०६० एक्सटी' म्हणालात तर हातात कोणतं पडेल याचा नेम नाही. आणि तिथे मात्र जीबी मोजायचेच. नव्या मोठ्या खेळांना १४४० पी मॉनिटरवर ८ जीबी अपुरे पडायला लागलेत. म्हणजे जीबी बघू नका असं मी म्हणत नाहीये. नुसते जीबी बघू नका.

आजोबांची गोष्ट संपलेली नाही. नातवाचे मित्र खेळतात वॅलोरंट. आणि वॅलोरंट बनवणारी रायट कंपनी सेकंदाला ६० फ्रेमसाठी (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) स्वतःच कोणतं कार्ड सुचवते? जीटी ७३०! (हशा) आजोबा म्हणाले, "मग कार्ड चांगलंच आहे की!" आता सांगा काय उत्तर देणार. त्या खेळापुरतं चांगलंच आहे. म्हणून म्हणतो, आधी खेळांची यादी. लिहून काढा, कागदावर.

मग मॉनिटर. १०८० पी म्हणजे साधारण २१ लाख ठिपके, १४४० पी म्हणजे ३७ लाख, फोर-के म्हणजे ८३ लाख. हे सगळे ठिपके कार्डानं सेकंदाला साठ वेळा रंगवायचे. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा, असेल तर कार्डानं १४० फ्रेम काढल्या तरी डोळ्यांना साठच दिसणार. पुढच्या रांगेतले हात वर झाले... हो, माउसच्या प्रतिसादात थोडा फरक पडतो, मान्य. तो थोडा फरक किती रुपयांचा, हे मागच्या रांगेला विचारा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिलीत म्हणे. आणि ऑपरेटिंग सिस्टीम सगळी बाकी आहे. असू दे, पटापट सांगतो.

विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नव्या मशीनवर ते टाकू नका. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, आणि वॅलोरंट त्यावर सिक्युअर बूटही (मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) मागतो. दुकानदार "विंडोज मारून देतो" म्हणाला तर लायसन्स कुठंय ते विचारा; तो खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.

लिनक्सवर खेळ चालत नाहीत हे जुनं झालं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून आहे, खेळांचं स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं २०१८ मध्ये त्यावरूनच खेळांसाठी प्रोटॉन आणलं, आणि २०२२ पासून विकलं जाणारं, हातात धरून खेळायचं त्यांचं स्टीम डेक लिनक्सवरच चालतं. एकट्यानं खेळायचे बहुतेक खेळ आज नीट चालतात. अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे खेळातली लबाडी पकडणाऱ्या प्रोग्रामपाशी. वॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, एपेक्स लिजंड्सनं २०२४ मध्ये लिनक्सचं दार बंद केलं, त्याच वर्षी जीटीए ऑनलाइननंही. काउंटर-स्ट्राइक २ मात्र थेट चालतो. यादी इथे पुन्हा काढायची.

कार्ड शेवटी का, तर यासाठी. लिनक्स ठरलं तर एएमडी सोपं: कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलाच, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणि त्याच्या जोडीचं मेसा, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचं २०२२ पासून बरंच सुधारलंय, पण त्यांचा ड्रायव्हर निराळा असतो आणि कर्नल बदलला की कधी कधी रुसतो. एएमडीतही एक मेख आहे. एचडीएमआय २.१ (टीव्ही-मॉनिटर जोडायची नवी पद्धत) ची सोय मुक्त, म्हणजे सर्वांना कोड उघड असलेल्या, ड्रायव्हरमध्ये द्यायला एचडीएमआय फोरमनं २०२४ मध्ये नकार दिला, त्यामुळे फोर-के १२० हर्ट्झसाठी डिस्प्लेपोर्ट (दुसऱ्या प्रकारची जोडणी) असलेला मॉनिटर बघा. टीव्हीला जोडणार असाल तर आधी नीट चौकशी करा. इंटेलचं बी५८० कार्ड स्वस्तात १२ जीबी देतं, पण मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर घेऊ नका.

दोन्ही सिस्टीम हव्या असतील तर दोन वेगळ्या एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवल्या की कधीतरी विंडोजचा अपडेट येतो आणि लिनक्सचा बूट मेनू गायब होतो. एसएमपीएसचं, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याचं, राहिलंच. दिव्यांवरचे पैसे त्यात घाला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या, किती वॉटचा ते कार्डाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. बाकी बाहेर चहाला बोलू, अध्यक्ष उठलेत.