पहाडतळीच्या वाटेवर प्रीतिलता

(दृश्य: पहाडतळी, चितगाव; आता बांगलादेशात)
रेल्वेच्या जागेतली ही इमारत म्हणजे इंग्रजांचा युरोपियन क्लब. कुत्र्यांना आणि भारतीयांना मज्जाव, अशी पाटी इथं होती म्हणतात. समोरचा अर्धपुतळा १९३२मध्ये या क्लबवर हल्ला करणाऱ्या प्रीतिलता वाद्देदार हिचा. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, वय वर्षं २१.

(दृश्य: ढलघाट गाव)
जन्म १९११चा. वडील जगबंधू चितगाव नगरपालिकेत कारकून. बेताच्या पगारात त्यांनी लेकीला ढाक्याला आणि पुढे कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायला पाठवलं.

(दृश्य: अलीपूर तुरुंग, कलकत्ता, कोठड्यांची रांग)
प्रीतिलता घडली ती मात्र या भिंतींआड. क्रांतिकारक रामकृष्ण बिश्वास इथं फाशीची वाट पाहत होता. चांदपूर स्टेशनवर त्याला मारायचं होतं पोलीसप्रमुख क्रेगला. गोळी लागली तारिणी मुखर्जी या अधिकाऱ्याला. चितगावहून रामकृष्णला भेटायला येणं घरच्यांना परवडणारं नव्हतं. मग प्रीतिलता नात्यातली बहीण म्हणून, खोट्या नावानं येऊ लागली. एकदा नाही, दोनदा नाही, सुमारे ४० वेळा. दर वेळी तेच फाटक, तेच पहारेकरी, आणि पलीकडे मरण ठरलेला एक तरुण. ४ ऑगस्ट १९३१ला तो फासावर गेला. तिचं धाडस भावनेच्या भरातलं होतं असं म्हणणाऱ्यांनी या भेटी आठवाव्यात. क्रांतीच्या वाटेवर या भेटींनीच आपल्याला पुढे नेलं, असं तिनं स्वतः लिहून ठेवलंय.

(दृश्य: ढलघाटची पायवाट)
१३ जून १९३२. सावित्रीदेवींच्या घरी ती चितगावच्या क्रांतिकारकांचे नेते मास्टरदा सूर्य सेन यांना भेटली आणि त्याच रात्री घराला वेढा पडला. मास्टरदांचे सहकारी निर्मल सेन गेले, इंग्रजांचा कॅप्टन कॅमेरॉनही. मास्टरदा आणि प्रीतिलता निसटले. त्यानंतर लवकरच ती भूमिगत झाली.

(दृश्य: पुन्हा क्लब)
हा क्लब १९३०च्या एप्रिलमध्येच उडवायचा होता. गुड फ्रायडेमुळे तो रिकामा सापडला. या वेळी मास्टरदांनी नेतृत्व एका मुलीकडे सोपवलं. तिची सहकारी कल्पना दत्त आठवडाभर आधी पुरुषवेशात पकडली गेली होती. तरीही २४ सप्टेंबर १९३२च्या रात्री प्रीतिलता पंजाबी पुरुषाच्या वेशात निघाली.

हल्ल्यात एक बाई ठार झाली, काही जण जखमी. गोळी लागलेल्या प्रीतिलतानं सायनाइड घेतलं. भाऊ लढू शकतात तर बहिणींनी मागे का राहावं, हा प्रश्न तिनं मागे ठेवलेल्या निवेदनात आहे. सरकारनं अडवलेली तिची पदवी कलकत्ता विद्यापीठानं २०१२मध्ये दिली. क्रांतिकारक बीना दासचीही, त्याच वेळी.