माल हातात न घेता विकत घेणारं गिऱ्हाईक

(कोल्हापुरात नवउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. समोर चपलांचं काम करणाऱ्या घरातली मुलं-मुली दिसतायत, चटणी-मसाला करणाऱ्या बचत गटातल्या ताई आहेत, हुपरीकडची चांदीकाम करणारी मंडळीही आलीत. चहाच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, ‘वेबसाइटला खर्च किती येतो?’ त्याचं उत्तर देणार आहे, पण त्याआधी बरंच काही करायचं आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना पैसे लागत नाहीत.

महाद्वार रोडवर चप्पल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय करतं ते आठवा. चप्पल हातात घेतं, तळ वाकवून बघतं, वेणीवरून बोट फिरवतं, पायात घालून चार पावलं चालतं. मग विचारतं, ‘अंगठ्यात घट्ट होतेय, सैल होईल का?’ तुम्ही म्हणता, ‘दोन-चार दिवस घरात घाला, तेलाचं बोट फिरवा, पायाला बसते.’ विक्री होते ती या बोलण्यावर. नागपूरची किंवा बंगळुरूची बाई मोबाइलवर तुमची चप्पल बघते तेव्हा यातलं काहीच तिच्या वाट्याला येत नाही. तिला दिसतो एक फोटो, एक किंमत आणि ‘प्रीमियम क्वालिटी’ असे दोन शब्द. त्या दोन शब्दांवर कुणी अनोळखी माणसाला पैसे का पाठवावेत?

म्हणून माझं सांगणं एवढंच, की काउंटरवर तुम्ही जे तोंडानं सांगता ते सगळं लिहून काढा. ऑनलाइन दुकानाचा पाया तोच आहे.

कोल्हापुरीतल्याच कापशी या प्रकारच्या चपलेचं घ्या. चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं आहे का? शिलाई चामड्याच्या वादीची आहे का? तळ किती पदरी? नवीन असताना करकरते का? पावसात घातली तर काय होईल? हातानं केलेली असल्यानं दोन जोडांच्या रंगात थोडा फरक पडतो, हेही लिहा. नाहीतर तो फरक गिऱ्हाइकाला दोष वाटतो आणि जोड परत येतो.

माप हा तर सगळ्यात मोठा घोळ. ‘आठ नंबर’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक कारागिराचं वेगळं असतं. तेव्हा नंबरासोबत तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या आणि पाय कसा मोजायचा तेही सांगा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची, दोन्ही पाय मोजायचे आणि मोठं माप धरायचं. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. एवढ्या चार ओळींनी परत येणारे किती जोड वाचतात ते करून बघा. ऑनलाइन धंद्यात खरा तोटा परतीच्या मालानं होतो. जायचं भाडं तुमचं, यायचं भाडंही तुमचं, शिवाय परत आलेल्या जोडाला दुमड पडलेली असते.

फोटोला स्टुडिओ नको. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढा. वरून एक, बाजूनं एक, तळाचा एक, शिलाईचा अगदी जवळून एक आणि पायात घातलेला एक. दुसऱ्याच्या पानावरचा फोटो उचलून कधीही लावू नका.

आता नाव. ‘कोल्हापुरी’ हे नाव कुणा एकाचं नाही, ते सगळ्या कारागिरांचं आहे. गुळाला २०१४ मध्ये आणि चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्याच मालाचं अशी सरकारी नोंद, मिळालं. चपलेच्या मानांकनात आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे येतात. तुम्ही स्वतः बनवत असाल तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घ्या. ही नोंद फार थोडे लोक मनावर घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्या कारागिरांचा उल्लेखही केला नाही. टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. तेव्हा बाहेरचे लोक खरी कोल्हापुरी कुठं मिळते ते शोधू लागले. अशा वेळी ज्या कारागिराचं स्वतःचं पान नाही, तो त्या शोधणाऱ्याला सापडणार कसा?

तुमच्या स्वतःच्या ब्रँडचं नाव मात्र वेगळं ठेवा आणि त्याचा ट्रेडमार्क, म्हणजे नाव तुमचंच असल्याची सरकारी नोंद, घ्या. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. चप्पल पंचविसाव्या वर्गात येते, चटणी-मसाला तिसाव्या वर्गात. नाव छापून पाकिटं करण्याआधी ते आधीच कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, मोफत आहे, १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे. सरकारी पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, ते बघूनच पुढं जा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट फी मागतात. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी घरगुती धंद्यालाही हवी. तिचा चौदा आकडी नंबर पाकिटावर छापायचा, सोबत घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत संपवायचं आणि तुमचा पत्ता-फोन.

जीएसटीबद्दल गैरसमज फार आहेत. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर एरवी नोंदणी लागत नाही. पण माल राज्याबाहेर पाठवायचा म्हटलं की ही सवलत सहसा राहत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना अटींसह सूट आहे. तुमची वस्तू त्यात बसते का, हे पहिली बाहेरची ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराला विचारा. राज्यातल्या राज्यात मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटीशिवायही अटींसह परवानगी आहे.

यापुढचं नीट ऐका. ओळखीच्या एका गूळ पावडरवाल्यानं वेबसाइट एका मुलाकडून करून घेतली. मुलानं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवर घेतलं आणि पुढं तो नोकरीला परगावी गेला. वर्ष संपलं, नूतनीकरणाचा निरोप त्याच्याच ईमेलवर गेला, पत्ता हातचा निसटला. पाकिटांवर मात्र तोच छापलेला! डोमेन, इन्स्टाग्राम, गूगलवरचं दुकानाचं पान, पेमेंटचं खातं, सगळं तुमच्या ईमेलवर आणि धंद्याच्या वेगळ्या मोबाइल नंबरवर हवं. काम करणाऱ्याला प्रवेश द्या, मालकी देऊ नका.

पहिलं पान गूगल मॅपवरचं करा. ते फुकट आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस मंदिरातून बाहेर पडल्यावर मोबाइलवर ‘चप्पल’ शोधतो, त्याला तुम्ही सापडला पाहिजे. वेळ खरी लिहा, सोमवारी बंद असेल तर बंद लिहा. वाईट अभिप्राय आला तर त्याला शांतपणे उत्तर द्या, कारण ते उत्तर पुढची शंभर माणसं वाचतात. त्यानंतर व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग भरा. मघाशी लिहून काढायला सांगितलं ते इथं जसंच्या तसं उपयोगी पडतं.

वेबसाइटचं उत्तर आता देतो. पहिल्या वर्षी डोमेन आणि एक साधं पान पुरतं. डोमेनला वर्षाला साधारण हजारभर रुपये धरा. पैसे घेणारं पूर्ण दुकान रोज ऑर्डर येऊ लागल्यावर करा. ते केलंत की पूर्ण नाव, पत्ता, परतीचे नियम आणि तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव पानावर देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे.

पैसे आल्याची खात्री बँकेच्या खात्यात करा, गिऱ्हाइकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

भाड्याचा हिशेबही किंमत ठरवतानाच करा. बरेच कुरिअरवाले वजनाबरोबर खोक्याचं आकारमानही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० नं भागायची, येतील तेवढे किलो. हे आणि खरं वजन यातलं जे जास्त, त्याचं भाडं. ३० बाय २० बाय १० चं खोकं म्हणजे १.२ किलो, आत पाऊण किलोची चप्पल असली तरी. खोकं ६ सेंटिमीटर उंचीचं करून घेतलं तर तेच ०.७२ किलो होतं, मग खरं पाऊण किलोच धरलं जातं. लक्ष्मीपुरीत खोकेवाल्याकडे जाताना जोड बरोबर घेऊन जा आणि मापानं बनवून घ्या.

ज्यांनी आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल आणलाय त्यांनी मागच्या टेबलाशी थांबा, उद्यमची नोंदणी आत्ताच करू. बाकीच्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात करा.